नऊ जणांचं रक्त

कुरखेड्याजवळच्या तलावाकाठी राहणाऱ्या इस्तारीच्या अंगणात तपासणीची गाडी दुसऱ्यांदा आली, तेव्हा तो जाळं विणतच राहिला. बायकोला, भागीरथाला, क्षयाची औषधं सुरू होऊन तीन महिने झाले होते. तिची तपासणी त्याला पटत होती. पण धडधाकट माणसाचं रक्त कशाला? पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या नऊ जणांचं नेलं, आता पुन्हा मागायला हजर.

"मागचं रक्त कुठी गेलं?" त्यानं विचारलं.

प्रयोगशाळेतली हर्षा ओसरीवर टेकली. "इस्तारीभाऊ, एका नळीत आमी क्षयाच्या जंतूचा अंश टाकतो. अख्खा जंतू नाई. जंतू आधी कधी अंगात शिरला असला, रक्तातल्या पेशींले त्याची ओळख असली, तर त्या चवताळून उठतात. किती उठल्या ते मोजतो. दुसऱ्या नळीतल्या औषधानं तर कोणतीबी जिती पेशी उठते. तुमच्या नऊही जणांच्या त्यालेबी उठल्या नाई."

"म्हणजे आमी मेलो का?"

"रक्त बिघडलं. बाकी गावांचं चांगलं राहिलं. तुमचंच कशानं गेलं, ते समजलं नाई."

इस्तारीला ते खरं वाटेना. बाकी गावांचं चांगलं राहिलं आणि आपलंच बिघडलं? विकलं असेल, नाहीतर भलतंच काही सापडलं असेल. तो दोघांचे चेहरे निरखू लागला. हर्षा सरळ त्याच्याकडे बघत होती. ड्रायव्हर दिनेश मात्र गाडीचा पुसलेला आरसा पुन्हा पुसत होता. मागच्या वेळी यानंच दोन किलो मासोळी बर्फात बांधून नेली होती.

"दिनेशभाऊ, रक्ताचा डबा कुठी ठेवला होता?"

दिनेशनं फडकं खाली ठेवलं. "ऊन लय होतं," तो पुटपुटला. "खराब होईन म्हणून बर्फावर ठेवला."

हर्षाचा चेहरा उतरला. "बर्फानं पेशी गारठतात. चूक आमची हाये, इस्तारीभाऊ."

कबुली दिली म्हणून विश्वास बसला असं नाही. इस्तारीनं हात पुढे केला तो अट घालून. डबा त्यानं मांडीवर घेतला, गडचिरोलीपर्यंत गाडीत बसला आणि नळ्या प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात जाईपर्यंत तिथून हलला नाही.

आठवड्यानं हर्षा आली. त्याच्या पेशी जोरात उठल्या होत्या. छातीचा फोटो काढला, तो साफ निघाला. "आजार नाई," ती म्हणाली, "पण जंतू अंगात झोपून असन. तो उठू नये म्हणून या गोळ्या."

"अजून कोणाले दिल्या?"

"दुसऱ्याचं मी सांगू शकत नाई."

पुन्हा लपवालपवी. आपल्या एकट्यालाच भलतं काही देत असतील तर? इस्तारीनं पाकीट खिशात घातलं.

"माह्या गोळीवर पहारा देता," भागीरथा म्हणाली, "अन् सोताची खिशात?"

तो शेजारी पोचूकडे गेला. पोचूचंही रक्त त्याच दिवशी नेलं होतं. पोचूनं आपलं पाकीट आपणहून दाखवलं. दोघांनी अक्षरं जुळवली, तारीख जुळवली, गोळीचा रंग जुळवला. सगळं सारखं निघालं, तेव्हा इस्तारीनं तिथंच उभ्या उभ्या पाणी मागितलं आणि पहिली गोळी गिळली.