चुडामणची पाळी

"भाऊ, ट्रॅक्टर मागे घ्या. तुमच्यापुढे एकोणऐंशी गाड्या आहेत," चुडामण म्हणाला आणि त्याने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

ट्रॅक्टर कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता, सरपंचांचा होता. सरपंचांनी आधी गोडीने सांगून पाहिलं, मग आवाज चढवला, मग तरातरा केंद्रप्रमुख बोरसे साहेबांकडे गेले. साहेबांनी हात वर केले. त्या फाटकावर साहेबांचंही काही चालत नसे. अमळनेरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रात गाडी आली की चुडामण पाटील तिला नंबराची चिठ्ठी देणार, आणि नंबर पुकारला की मगच गाडी आत. मध्ये कुणी घुसायचं नाही. त्याचे स्वतःचे वडील, उखर्डूआबा, कापूस घेऊन आले तेव्हा पठ्ठ्याने त्यांनाही दीड दिवस रांगेत बसवलं होतं. लोक हसले. आबा मात्र बैलांपुढे कडबा टाकून ऐटीत बसले आणि पोरगा कसा सरळ आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले.

पुस्तक होतं इंग्रजी शब्दांचं. आता कापसाच्या फाटकावर बसून इंग्रजी शब्द पाठ करायचं हे वेड चुडामणला लागलं कसं, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याऐंशी सालच्या हंगामात, मुंबईच्या एका गिरणीचा माणूस कापसाच्या गाठी बघायला आला होता. वय असेल पंचवीस, म्हणजे चुडामणच्याच बरोबरीचा. चहा येईपर्यंत तो आवारात फिरला, आणि चहा पिता पिता म्हणाला, रिकाम्या गाड्या मागच्या फाटकाने काढा आणि दुसरा वजनकाटा झाडाखाली हलवा. एवढंच. पण त्या आठवड्यापासून दोन दिवस खोळंबणारी गाडी एका दिवसात मोकळी होऊ लागली. चुडामण सात वर्षं त्याच आवारात उभा होता आणि त्याला हे सुचलं नव्हतं. त्याने त्या माणसाला विचारलं, साहेब, हे कुठे शिकवतात? त्याने हसून एका चिठ्ठीमागे व्यवस्थापन शिकवणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेचं नाव लिहून दिलं. प्रवेशपरीक्षा फार अवघड असते, हेही सांगितलं.

झालं. त्या दिवसापासून चुडामणचा जीव तिथे अडकला. पगारासाठी नाही, मुंबईसाठी तर मुळीच नाही. आपल्यालाही असं नुसतं बघून कळावं, आणि रांगेत तिष्ठणाऱ्या माणसाचा एक दिवस वाचावा, एवढंच त्याला हवं होतं. कधीकधी ते इतकं हवंसं वाटायचं की जेवण गोड लागत नसे.

पोस्टाने अभ्यासाचे कागद यायचे. गाव ते केंद्र नऊ किलोमीटर. सायकलच्या हँडलला शब्दांची यादी बांधून तो ते अंतर कापायचा, आणि दोनदा नाल्यात पडला. जेवणाच्या सुट्टीत कापसाच्या ढिगाला टेकून गणितं सोडवायचा. वना मापाडी समोर घड्याळ धरून बसायचा. चाळीस मिनिटं झाली की "बस" म्हणायचं, हे त्याचं काम. हा वना मायेपोटी चोरून दोन मिनिटं जास्त द्यायचा. एकदा ते चुडामणच्या लक्षात आलं, तर त्याने सोडवलेलं शेवटचं गणित खोडून टाकलं आणि वनाशी दिवसभर बोलला नाही.

दोन हिवाळे असे गेले. शहाऐंशीच्या डिसेंबरात ऐन हंगामात बोरसे साहेबांनी कुरकुरत दोन दिवसांची रजा दिली. चुडामण मुंबईला जाऊन पेपर देऊन आला. फेब्रुवारीत पत्र आलं. पास! लेखी परीक्षेत पास. आता मार्चमध्ये गटचर्चा आणि मुलाखत. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि वना तर स्वतःच पास झाल्यासारखा काट्याभोवती फिरत होता.

गटचर्चेबद्दल पोस्टाच्या कागदांत जेमतेम अर्धं पान होतं. नम्र असावे, इतरांचे ऐकून घ्यावे, मुद्देसूद बोलावे. हे चुडामणला कुणी शिकवायला नको होतं.

मार्चमध्ये तो पुन्हा मुंबईला गेला. संस्थेतल्या त्या खोलीत गोल टेबलाभोवती त्याला धरून आठजण होते, सात मुलगे आणि एक मुलगी. कोपऱ्यात दोन प्राध्यापक वह्या घेऊन बसले होते. एकाने विषय सांगितला: सरकारने व्यापारात पडावं का? वेळ वीस मिनिटं. चुडामण खुर्चीत सरसावून बसला. अरे, हा तर आपल्या घरचा विषय! या आठजणांत सरकारचा व्यापार रोज डोळ्यांनी बघणारा आपल्याशिवाय कोण आहे? त्याने मनात पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवलं, दोनदा तपासलं, आणि तो थांबला.

प्राध्यापक नाव पुकारतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी काही पुकारलं नाही. चष्मेवाल्या मुलाने सुरुवात केली, त्याचं पुरतं व्हायच्या आत दुसऱ्याने तोडलं, त्याला तिसऱ्याने. चुडामण बघत राहिला. एक म्हणाला, महाराष्ट्रात सरकार कापूस घेतं, आणि शेतकरी तो केव्हाही आणून टाकतो, त्याला कसली वाट बघावी लागत नाही. चुडामण पुढे सरकला. हे चूक होतं. पण तो मुलगा अजून बोलत होता, आणि बोलत्या माणसाचं तोंड बंद करायचं म्हणजे रांगेत गाडी घुसवायची. त्याचं होऊ दे, मग बोलू. त्याचं झालं त्याच क्षणी ती मुलगी बोलू लागली. तिचं होऊ दे. आलटून-पालटून प्रत्येकजण दोनदा, तीनदा बोलला. आता एकटा मीच राहिलोय, आता मला वाट देतीलच, असं त्याला अगदी खात्रीने वाटलं.

"थँक यू," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी वह्या मिटल्या.

जिन्यात त्या मुलीने त्याला विचारलं, "तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तुमचं चाललं होतं," चुडामण म्हणाला.

दुपारी मुलाखतीची यादी लागली. सात नावं होती. त्याने ती वरून खाली आणि खालून वर वाचली. मग तो स्टेशनवर गेला आणि गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याला रडू येत होतं, पण समोर माणसं होती.

रजा संपलेली, म्हणून सकाळी अमळनेरला उतरून तो थेट फाटकावर आला. शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन गाड्या लागल्या होत्या, आणि त्या रांगेत, कडुनिंबाच्या पुढे, आबांची गाडीही होती. पोराला बघताच ते जुवावरून पाय खाली सोडून उतरले. आजूबाजूचे चार गाडीवानही कान देऊन बसले, कारण पोरगा मुंबईला मुलाखतीला गेलाय, हे आबांनी कालपासून सगळ्या रांगेला सांगितलं होतं.

"काय इचारं त्यासनी तुले?"

"काहीच नही, आबा," चुडामण म्हणाला. "मनी पाळीच नही उनी."

पाळीच आली नाही, यावर आबांनी जरा विचार केला. मग त्यांचा चेहरा निवळला. त्यांना त्यात वाईट असं काही दिसलं नाही.

"मंग पुढला साल यी," ते म्हणाले. "तुना आठे ते बठ्ठासना नंबर येस."

इथे सगळ्यांचा नंबर येतो, पण तिथे तसं नसतं, हे चुडामणच्या ओठांवर आलं होतं. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले. फाटकापाशी वना वाट बघत उभा होता. त्याने तोंडाकडे बघितलं आणि गाड्यांची यादी त्याच्या हातात दिली. चुडामणने ती उघडली आणि पुढचा नंबर पुकारला. गाडी पुढे आली नाही, म्हणून त्याने तो पुन्हा एकदा, मोठ्याने पुकारला.