दोनशे चौदा नंबरचा कोट

कोटाची गोष्ट मी आजवर चार तऱ्हांनी सांगितली आहे. मुलांना सांगितली तेव्हा एका पॉप गायकाने माझा कोट बघून गाणं मध्येच थांबवलं होतं. नातवंडांच्या वेळेपर्यंत तो स्टेजवरून खाली उतरून माझी बटणं मोजून गेला होता. तो थांबला होता हे खरं, पण पाणी प्यायला. आणि आम्ही इतक्या मागे होतो की तो पाणी पितोय की दात घासतोय तेही कळत नव्हतं.

ही पाचवी तऱ्हा. हिच्यात माझी काही शोभा नाही, म्हणून ती मागे राहिली.

मी बावीस वर्षांची होते. एका लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायचे. पायाखालची पट्टी दाबली की भस्सकन वाफ यायची आणि तेवढा वेळ माझं तोंड कुणाला दिसायचं नाही. डाग काढायला ढोलकी होती. ती हसली की पुढच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मागे काहीतरी कोसळलं, म्हणून ढोलकी. आणि काउंटरवर गोगलगाय. एक पावती लिहायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात कपडा पुन्हा मळेल, पण तिच्या हातून एक पावती चुकलेली कुणी दाखवावी. धुतलेले कपडे टांगायच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि शाळेत जाणाऱ्या दोन बहिणी. सगळं तिच्या एकटीच्या पगारावर.

मालकीणबाईंचा एकच नियम होता, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला. गिऱ्हाइकाचा कपडा जो अंगाला लावील, तो त्याच दिवशी घरी. आदल्या वर्षी एकीने कुणाचा तरी स्कार्फ आरशासमोर नुसता गळ्याभोवती धरून बघितला होता. दुपारचा डबा तिने घरी जाऊन खाल्ला.

तर ढोलकीने तिकिटं मिळवली. रविवारी, दुपारी दोन वाजता, शहरातल्या मोठ्या मैदानावर त्या गायकाचा कार्यक्रम. बसने तीन तास. आम्ही तिघी महिनाभर दुसरं काही बोललोच नव्हतो. दिवस थंडीचे, आणि माझ्याकडे होता थोरल्या भावाचा जुना कोट. त्यात मी खुंटीला टांगल्यासारखी दिसायचे.

आणि आमच्या दांडीवर टांगला होता एक गडद हिरवा कोट, रुंद कॉलरचा, आठ पितळी बटणांचा. मीच त्याला इस्त्री केली होती, त्यामुळे त्याच्यावर माझा निम्मा हक्क आहे असं मला वाटायला लागलं होतं.

“त्या बाई न्यायला येणार मंगळवारी,” शनिवारी मी गोगलगायीला म्हटलं. “रविवारी तो इथे अंधारात टांगून काय करणार आहे? जरा हवा तरी लागेल त्याला.”

“नको गं. माझी नोकरी जाईल.”

“जाईल कशी? कुणी विचारलंच तर मी सांगेन, मी घेतला. तुझं नावसुद्धा येणार नाही.”

“शपथ?”

“आईची.”

“आईची नको. तिची तू रोज चार वेळा घेतेस.”

“बरं, तुझ्या गळ्याची.”

तिने किल्ली दिली. मनातून द्यायची नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिला आमच्याबरोबर यायचं होतं, आणि मी रुसले की सगळ्यांच्या दिवसाचं मातेरं करते हे तिला ठाऊक होतं.

शहरात उतरलो आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. खरंच बघायला लागले, ही थाप नाही. एक म्हातारा वळून हसला. दोन शाळकरी मुली माझ्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत आल्या आणि खुसखुसून पळाल्या.

“अगं, सगळं शहर तुलाच बघतंय,” ढोलकी म्हणाली.

“बघू दे. त्यांना कुठे रोज मिळतंय बघायला.”

मी मान अशी ताठ केली की संध्याकाळी ती दुखत होती.

मैदानात आम्ही पार मागे उभ्या होतो. गोगलगाय पाण्याच्या बाटल्या आणायला रांगेत गेली. पहिलं गाणं संपत आलं होतं, तेवढ्यात माझ्या खांद्यावर कुणीतरी हळूच टकटक केलं. एक बाई, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, नीटनेटकी.

“कोट छान आहे. कुठे घेतलात?”

इस्त्रीवालीला गिऱ्हाईक कपड्यावरून कळतं, तोंडावरून नाही. तोंडं ओळखायची काउंटरवरच्या गोगलगायीने, आणि ती रांगेत. कुणी प्रेमाने विचारलं की माझी जीभ आधीच सैल सुटते.

“विकत नाही मिळायचा,” मी म्हटलं. “माझी मावशी जहाजावर शिवणकाम करते. कप्तानाच्या बायकोने तिला हे कापड बक्षीस दिलं. बटणं तर बुडालेल्या जहाजातली आहेत. पाणबुड्याने वर आणलेली.”

“अरे वा. आठही?”

“नऊ होती. एक माशाने गिळलं.”

बाई शांतपणे मान हलवत होत्या. मग त्यांनी माझ्या कॉलरमागे हात नेला.

“आणि हा नंबर?”

मी मागे हात घातला. सेफ्टी पिनेला लावलेली लॉन्ड्रीची गुलाबी चिठ्ठी, दोनशे चौदा, सकाळपासून माझ्या पाठीवर लोंबत होती. तिघींपैकी एकीलाही दिसली नव्हती. दिवसभर त्या चिठ्ठ्यांतच वावरायचो, त्यामुळे आमच्या डोळ्यांना त्या दिसायच्याच बंद झाल्या होत्या. न्हाव्याला जसे जमिनीवर पडलेले केस दिसत नाहीत. सगळं शहर काय बघत होतं ते मला तेव्हा कळलं. निदान तिथे तरी गप्प बसायचं होतं.

“जहाजाचा,” मी म्हटलं.

“हो का. मी दातांची डॉक्टर आहे. तुम्ही बोलत होता तेवढ्यात बघून घेतलं, खालची डावी दाढ किडली आहे. दाखवून घ्या. आणि माझा कोट मी मंगळवारी न्यायला येते.”

त्या गर्दीत गेल्या. ढोलकी आयुष्यात पहिल्यांदा हसली नाही. समोरून गोगलगाय तीन बाटल्या छातीशी धरून येत होती. डॉक्टरीणबाई बाजूने जाताना तिने त्यांना ओळखीचं हसून दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी माझ्या हातात होती. ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

मी कोट काढून हातावर घेतला आणि उरलेला कार्यक्रम कुडकुडत उभी राहिले. एकही गाणं मला आठवत नाही.

“मी सांगते मालकीणबाईंना,” परतीच्या बसमध्ये मी म्हटलं. “उद्या गेल्या गेल्या.”

“हं,” गोगलगाय म्हणाली.

सोमवारी मालकीणबाईंचं डोकं दुखत होतं. दुखणाऱ्या डोक्याला आणखी त्रास कशाला, असा मी विचार केला. असले विचार मला वेळेवर सुचतात. दुपारी त्यांचं डोकं दुखायचं थांबलं, तेव्हा मला कामाची घाई होती. गोगलगायीने दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला बाई आल्या. मालकीणबाई काउंटरशीच उभ्या होत्या.

“माझा कोट रविवारी गाणी ऐकायला गेला होता,” बाई म्हणाल्या. “फाटला नाही, मळला नाही, त्याचं काही नाही. पण तुमच्याकडे कपडे टाकायचे की नाही, एवढं मला सांगा.”

मालकीणबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “किल्ली कुणाकडे असते?” माहीत असून त्यांनी विचारलं.

“माझ्याकडे,” गोगलगाय म्हणाली.

“कुणी घातला होता?”

गोगलगायीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ठरलेल्या वेळी बस यायची असते तेव्हा आपण रस्त्याकडे बघतो ना, तसं. मी पाच पावलांवर होते. तोंडही उघडलं होतं.

मी पट्टी दाबली. यंत्रात कपडा नव्हता. नुसती वाफ उठली आणि मी तिच्यात उभी राहिले.

वाफ विरली तेव्हा गोगलगायीने मान वळवली होती.

“मी दिला,” ती म्हणाली.

“कुणाला दिलास?”

“मी दिला. किल्ली माझ्याकडे होती.”

डॉक्टरीणबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. ओळखलं होतं त्यांनी. बोलल्या नाहीत. हिला स्वतःहून बोलू द्यावं, असं बहुतेक त्यांच्या मनात असावं. त्या थांबल्या, चांगल्या थांबल्या. मी दुसऱ्यांदा पट्टी दाबली.

गोगलगायीने हातातली अर्धी लिहिलेली पावती आपल्या चालीने पुरी केली, किल्ली मालकीणबाईंपुढे ठेवली आणि डबा घेऊन गेली. पुढे चार महिने तिला काम नव्हतं. मग एका शाळेत फरशा पुसायचं मिळालं. हे मला ढोलकीने सांगितलं. मी गोगलगायीच्या घरी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण काउंटरवर नवी मुलगी आली, तिने विचारलं की आधीची का गेली. मी सांगितलं. माझ्या सांगण्यात कोट गोगलगायीने घातला होता, पाठीवर चिठ्ठी तिच्या, आणि माशाने गिळलेलं बटणही तिच्याच तोंडी. गोगलगाय न् पोटात पाय, असं शेवटी म्हणायचे, आणि लोक पोट धरून हसायचे. घरात सांगताना नायिका मी, बाहेर सांगताना हसं तिचं. वर्षानुवर्षं सांगितली.

ढोलकीच्या मुलीच्या लग्नात जेवताना टेबलावर कुणीतरी म्हणालं, मावशी, ती कोटाची सांगा. मी सांगितली, हातवारे करून. माशापाशी आले तेव्हा दोघांना ठसका लागला. एकटी एक तरुण मुलगी हसत नव्हती, माझ्या मागे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “ही तू?”

गोगलगाय माझ्या खुर्चीमागे ताट घेऊन उभी होती. केस पिकलेले, बाकी तशीच. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी वळून बघितलं, तिनेही माझ्याकडे बघितलं.

“हो,” ती मुलीला म्हणाली. “मीच.”

पोटच्या पोरीसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही,” मी म्हटलं. “मी घातला होता. चिठ्ठी माझ्या पाठीवर होती. हिने फक्त किल्ली दिली, आणि मी हिला जाऊ दिलं.”

टेबल असं हसलं की ताटं हलली. “घ्या, मावशींनी शेवट बदलला,” एक जण म्हणाला. “पुढच्या लग्नात नवरदेव घालेल कोट.”

“खरं सांगतेय मी.”

“तुम्ही नेहमी खरंच सांगता, मावशी.”

गोगलगायीच्या मुलीने टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर थोपटलं. “राहू दे मावशी,” ती म्हणाली. “किती सांभाळून घ्याल तिला. मैत्रीण असावी तर अशी.”

मी गोगलगायीकडे बघितलं. आता तिने म्हणावं, हो, हीच होती. ती बाजूची खुर्ची ओढून बसली, ताट नीट सरळ केलं आणि सावकाश पहिला घास घेतला.

“जेव,” मला म्हणाली. “गार होतंय.”

मी जेवले.