बाण नसलेली चौकट

कल्पना करा मुलांनो, तुमच्या आईच्या कामाच्या टेबलावर सरकारी पाहणीचे साहेब भलामोठा कागद उलगडत आहेत. कागद पुन्हापुन्हा गुंडाळला जातोय, म्हणून साहेबांनी तिथलाच एक लाकडी साचा उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

अशाच एका टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, आपल्या आईशेजारी, एक मुलगी बघत होती. सदान्‌कदा लाकडाच्या भुशात, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. कागदावर औद्योगिक वसाहतीतला एकेक धंदा चौकटीत बसवला होता. ओतशाळेकडून पंपाच्या कारखान्याकडे बाण, तिथून शेतांकडे, शेतांकडून सूतगिरणीकडे. कडेची एक चौकट मात्र एकटीच होती. सुतारकाम.

"हे आम्ही?" आईने विचारलं.

"हो. तुमचा कुठल्याच कारखान्याशी संबंध नाही. महिनाअखेर जागा सोडा, बाई. खुर्च्या-टेबलं काय, कुठेही होतील."

"खुर्च्या? अहो, माझ्या घरात एक धड खुर्ची नाही! मी ओतकामाचे साचे करते. आधी पंपाच्या आतला पंखा लाकडाचा, मग वाळूत त्याचा ठसा, मग त्यात वितळलेलं लोखंड."

"विक्रीची पावती?"

"लाकूड ओतशाळेचं, साचा त्यांचा. आम्हाला हातावर मजुरी. पावती कसली?"

"मग कागदावर संबंध नाही." साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

आईने कानामागची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली आणि परत खोचली.

तेवढ्यात ओतशाळेचा मुकादम धापा टाकत दारात आला.

"वहिनी, पंख्याचा साचा झाला ना? वाळू तयार आहे, भट्टी तापलीय, पंपवाला डोक्यावर बसलाय!"

आईचा हात कागदावरच्या साच्याकडे गेला. भुंगीचा आधी पोचला. साचा उचलताच कागद सर्रकन गुंडाळला गेला.

"दे गं काकांना."

"नाही देणार. आपला संबंधच नाही ना त्यांच्याशी!"

मुकादम हसला. "अगं बये, भट्टी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" पण भुंगी हलेना, तसं त्याचं हसू विरलं. त्याने आईकडे पाहिलं. आई साहेबांकडे पाहत होती.

"मुलीला समजवा जरा," साहेब म्हणाले.

"तिला समजलंय," आई म्हणाली.

भुंगीने टाचा उंचावून आईच्या कानामागची पेन्सिल काढली. मग साचा पोटाशी धरून उंबऱ्यातच फतकल मारली आणि पेन्सिल साहेबांपुढे धरली. "आधी आमचा बाण काढा."