मुका माइक

मी विमानतळावरचा एक जुना माइक बोलतोय, मित्रांनो. बोलतोय म्हणायचं आपलं, माझी वायर केव्हाच कापलीय. अंधेरीच्या एका कारखान्यात मी घडलो आणि विमानतळावर गेटच्या काउंटरला स्क्रूने घट्ट बसलो. आजही तिथेच आहे.

माझ्यातून अनुपमाताई बोलायच्या. कागदावर असायचं, "सिंधुदुर्गला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया..." ताई त्यात पदरचं घालायच्या, "म्हणजे आपल्या चिपीला." तिथला विमानतळ चिपी गावात आहे आणि कोकणातली माणसं त्याला चिपीच म्हणतात. ते ऐकलं की कोपऱ्यात पेंगणारी माणसं ताडकन उठायची. तेव्हा मला फार भाव होता.

पुढे प्रवासी इतके वाढले, की सगळे माइक एकदम ओरडायचे आणि कुणालाच धड काही कळायचं नाही. म्हणून नवी व्यवस्था आली. चेहरा ओळखणारी दारं आली, मोठे पडदे आले, घोषणा बंद झाल्या. गरज होती, मी नाही म्हणत नाही. फक्त मला काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ऐकायचं सगळं आणि बोलायचं काहीच नाही, अशी माझी गत झाली.

परवा बोरिवलीच्या शेवंतीआजी माझ्यासमोर येऊन बसल्या. गावी त्यांचा भाऊ सीताराम पहाटे वारला होता. बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं होतं. सुनेने दारापर्यंत सोडलं, आत त्या एकट्याच. अक्षर अक्षर लावून पडदा वाचत होत्या आणि पुटपुटत होत्या, "चिपीचा नाव अजून कसा लागाक नाय?"

पडद्यावर 'सिंधुदुर्ग' लुकलुकत होतं. माझा जीव नुसता कासावीस झाला. एक शब्द पुरला असता, पण तो माझ्या जाळीबाहेर पडणार कसा?

आजी काउंटरशी आल्या तेव्हा गेट बंद झालं होतं.

"मावशी, सिंधुदुर्गची फ्लाइट गेली ना आत्ताच," काउंटरवरची नीलम म्हणाली.

"माका चिपीक जाऊचा आसा, गो."

"तेच ते, मावशी."

 आजींनी माझ्या मानेवर हात टेकून गावी फोन लावला. "माझ्यासाठी थांबू नकात. त्याका घेवन जावा."

मित्रांनो, नवी यंत्रं आणा, हौसेने आणा. पण पडद्याखाली कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर जवळ जाऊन एवढं विचारा, "आजी, कुठे चाललात?" तुम्हांला ते विचारता येतं.