थेंबाताईचं शेडकार्ड

रंगाच्या त्या दुकानात दोन काउंटर होते. पुढचा दादाचा, मागचा त्याच्या धाकट्या बहिणीचा. पुढच्या काउंटरवर दादाच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. गिऱ्हाइकाला बसवायचं, घरच्यांची चौकशी करायची आणि नुसता प्रायमर घ्यायला आलेल्याच्या गळ्यात दोन ब्रश आणि एक शिडी मारूनच त्याला सोडायचं. मागच्या काउंटरवर बोलणं फक्त रंगाचं. कुणी जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कुणी शर्टाचं बटण. एकदा तर एक बाई रुमालात गुंडाळून अर्धं वांगं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगदी हाच रंग हवा. बाहेरचा हं, आतला नको." ती वांग्याकडे बघत होती, बाईंकडे नाही. मग पांढऱ्या रंगाच्या डब्यात बाटल्यांतून एकेक थेंब सोडला. काळा तीन, लाल सात, निळा चार. ढवळलं, बोटाला लावून वाळवलं, पुन्हा अर्धा थेंब. वांगं आणि डबा शेजारी ठेवले की कुणालाही फरक सांगता आला नसता. थेंब मोजून रंग करते म्हणून रंगाऱ्यांनी तिचं नाव पाडलं थेंबाताई. ते तिला आवडायचं. तोवर पडलेली बाकीची नावं ऐकली तर का आवडायचं ते कळेल.

घुमी. शिष्ट. दगड. डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळते, मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून बसते. आई गेली तेव्हा ही चारचौघांत रडली नाही, तर एका मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "हिला काळीज आहे की नाही?" अशी मावशी प्रत्येक घराला एक तरी दिलेली असते, त्याला इलाज नाही. थेंबाताई सदतीस वर्षांची झाली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी तिला ऑटिझम हा शब्द सांगितला. दादा हादरला, औषध काय, पथ्य काय म्हणून विचारत सुटला. तिला मात्र हायसं वाटलं. लेबल नसलेल्या डब्यासारखी इतकी वर्षं फळीवर पडून होती, आपल्यात काय भरलंय ते एकदाचं कळलं. ह्या गोष्टीलाही आता दोन वर्षं होऊन गेली होती.

पण भरलंय काय ते ती त्याच्या कितीतरी आधीपासून लिहून ठेवत होती. बाविसाव्या वर्षी सुरुवात केली. रोज संध्याकाळी काउंटर आवरताना ती दिवसभराचा उरलेला रंग घ्यायची आणि त्या दिवसाचा रंग करायची. आकाशाचा नाही, कपड्यांचा नाही. तो दिवस तिला आतून जसा लागला तसा. जमेपर्यंत थेंब टाकत राहायची. जमला की पोस्टकार्डाच्या निम्म्या कार्डावर त्याचा एकच सपाट हात, कोपऱ्यात बारीक नंबर आणि मागे कृती. पांढरा किती, पिवळा किती, काळा किती. ताप आला तरी चुकवलं नाही. अशी सहा हजार दोनशे अकरा कार्डं बुटांच्या खोक्यांत भरून मागच्या फळीवर उभी होती. घरच्यांना वाटायचं, दुकानाचे नमुने असतील. विचारलं कुणी नाही आणि न विचारता सांगायची तिची पद्धत नव्हती.

विचारलं ते ग्रंथपालबाईंनी. त्या वाचनालयाच्या कपाटाची एक फळी घेऊन रंग जुळवून घ्यायला आल्या होत्या. खोकी दिसली, "बघू का?" म्हणाल्या, आणि बघता बघता तिथंच पालथ्या डब्यावर बसल्या. तासाभरानं म्हणाल्या, "आमच्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात चारही भिंती मोकळ्या आहेत. लावायची का ही सगळी?"

थेंबाताई कपाटाच्या फळीकडे बघत म्हणाली, "ओळीनं लावायची. मध्ये एकही गाळायचं नाही."

"एकही नाही."

दादाला हे कळलं तेव्हा त्याला आनंदाचं भरतं आलं. माणूस वाईट नव्हता, उलट बहिणीवर त्याचा जीव होता. फक्त तिच्या वतीनं बोलायची त्याला इतकी सवय लागली होती की तिचं तोंड उघडायच्या आत त्याचं उघडायचं. कार्यक्रमात कलाकारानं दहा मिनिटं बोलावं अशी वाचनालयाच्या समितीची अट होती. "बोलतो की मी!" दादा म्हणाला. दोन दिवस खपून त्यानं भाषण लिहिलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना बहीण आणि बायको अशा दोघींना उभं राहून वाचून दाखवलं. पहिला परिच्छेद ठीक होता. दुसऱ्यात तो घसा साफ करून म्हणाला, "माझ्या बहिणीला तुमच्या-आमच्यासारख्या भावना नाहीत. पण देवानं एका हातानं जे काढून घेतलं ते दुसऱ्या हातानं तिच्या डोळ्यांत घातलं."

"हे खोटं आहे," थेंबाताई म्हणाली.

"काय खोटं आहे?"

"पहिलं वाक्य. ते काढ."

"अगं, ते कौतुक आहे! त्या वाक्याला टाळ्या पडणार बघ."

"टाळ्या पडल्या म्हणून ते खरं होईल का?"

वहिनी म्हणाली, "अहो, ती काढ म्हणतेय तर काढा ना." पण दादाचं ते लाडकं वाक्य होतं आणि लिहिणाऱ्याला आपल्या लाडक्या वाक्याला हात लावलेला खपत नाही. तो चिडला. "बरं, मग तूच बोल. बोलशील शंभर माणसांसमोर?"

तिनं तोंड उघडलं. शंभर माणसं डोळ्यांसमोर आली, त्यांचे दोनशे डोळे आले आणि जीभ टाळ्याला चिकटली. नेहमीचंच होतं हे. शब्द असायचे सगळे, पण गर्दी दिसली की आत दारं लावून बसायचे. दादानं कागदाची घडी घातली. "बघ, म्हणूनच म्हणतो," तो मऊ आवाजात म्हणाला आणि तो मऊपणा तिला जास्त लागला. सतरा वर्षं रोज जे सांगितलं ते सगळं भिंतीवर लागणार, आणि त्याच्यासमोर उभा राहून सख्खा भाऊ सांगणार की हिला काही वाटतच नाही. ती बोलली नाही तर हे होणार होतं. त्या दिवसाच्या कार्डात पांढरा एक थेंबसुद्धा नव्हता.

रविवारी सकाळी दहा वाजता दालन उघडलं. चारही भिंती रंगांनी भरल्या होत्या, दारापासून दारापर्यंत. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली आणि तिचं श्रेय, सांगायला हरकत नाही, रंगाऱ्यांना. शहरातले झाडून सगळे रंगारी आले होते. कारण? थेंबाताईनं नवीन शेडकार्ड काढलंय आणि त्यात सहा हजार शेड आहेत, असा त्यांचा समज! कुणी चष्मा पुसत होतं, कुणी वहीत नंबर टिपत होतं. "ही बैठकीच्या खोलीला झकास." "हिच्यात धुता येणारं मिळेल का हो?" चित्रकलेची जाण असलेली दोनचार मंडळी त्यांच्याकडे बघून नाकं मुरडत होती. दादाची तर मान खाली. "अरे बाबांनो, हे दुकान नाही, ही कला आहे, कला!" असं तो एकेकाला बाजूला घेऊन सांगत होता.

थेंबाताई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. कानांत बोळे होते, तरी आवाज आत येतच होता. दादाच्या खिशातला कागद तिला पाठीलासुद्धा दिसत होता. पळून जावं असं वाटत होतं आणि पळाली तर ते वाक्य नक्की होतं.

तेवढ्यात लंबू आला. लंबू म्हणजे त्या शहरातला सगळ्यात उंच रंगारी, ज्याला छताचं काम शिडीशिवाय जमतं असं बाकीचे म्हणत. वीस वर्षं तो तिच्या काउंटरवर यायचा आणि तिच्याशी कसं बोलायचं ते त्याला न शिकवता कळलं होतं. तो समोर नाही, शेजारी येऊन उभा राहिला, तिच्यासारखाच भिंतीकडे तोंड करून, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "थेंबाताई, दोन हजार एकशे सोळा. बाहेरच्या भिंतीला चालेल का?"

नंबर विचारला की उत्तर येणारच. ते कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. "पांढरा वीस, निळा दोन, काळा अर्धा थेंब," ती म्हणाली. "बाहेर नाही टिकणार." आणि मग थांबायच्या ऐवजी तिची जीभ पुढे गेली. "आईला जाऊन चार महिने झाले होते. पिठाच्या डब्यामागे तिचा चष्मा सापडला. मी तो लावून पाहिला. सगळं धुरकट दिसलं. मला वाटलं, आई आत्ता असंच बघत असेल आपल्याकडे. मग मी स्वयंपाकघरात खाली बसून खूप रडले. घरात कुणी नव्हतं."

लंबूनं वही मिटली. "हा नको मग मला," तो म्हणाला. "हा तुमचा आहे." मग नाक ओढून म्हणाला, "म्हणजे ही सगळी... हे सगळे दिवस आहेत होय?"

"हो. रोजचा एक."

ग्रंथपालबाई मागेच उभ्या होत्या आणि त्या बाईंना देवानं अक्कल दिली होती. त्यांनी कुणाला काही न विचारता एक टेबल ओढत आणलं आणि थेंबाताई आणि गर्दी यांच्या मध्ये आडवं लावलं. झालं, काउंटर तयार झाला. थेंबाताई वळली, तिनं टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि तिचा श्वास जागेवर आला. काउंटरच्या पलीकडे कितीही माणसं असली तरी ती एका वेळी एकच येतात.

"चार हजार आठशे सत्तर?" एका रंगाऱ्यानं विचारलं.

"नारिंगी सोळा, पिवळा नऊ. दादा शिडीवरून इमल्शनच्या पिंपात बसला तो दिवस. कमरेपर्यंत गेला होता. 'मला काही झालेलं नाही' असं आतूनच सांगत होता. मी संध्याकाळपर्यंत हसत होते."

दालन खदाखदा हसलं. दादाचे कान लाल झाले. मग नंबर यायला लागले. नाकं मुरडणारी मंडळीसुद्धा रांगेत आली. एका मुलीनं घाबरत विचारलेला फिका हिरवा, तो ऑटिझम हा शब्द कळला त्या दिवसाचा निघाला. "पहिल्यांदा वाटलं की मी बिघडलेली नाही," थेंबाताई म्हणाली, "मी वेगळ्या कृतीची आहे." त्या मुलीनं तो नंबर हातावर लिहून घेतला. हे सगळं थेंबाताई कुणाच्याही डोळ्यांत न बघता बोलत होती आणि कुणाचंही त्यावाचून अडत नव्हतं.

रांग पुढे सरकली आणि टेबलासमोर दादा आला. हातात कागद होता, पण तो उघडलेला नव्हता. त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. "माझ्या लग्नाचा दिवस," तो म्हणाला. "त्याचा नंबर काय?"

"तीनशे चौऱ्याण्णव. डावीकडची भिंत, वरून तिसरी ओळ."

दादा तिथवर गेला. कार्ड काळपट तांबडं होतं, वाळलेल्या रक्तासारखं. तो तिथूनच म्हणाला, "हे चुकून लागलंय. लग्नाच्या दिवशी असला रंग कसा असेल?"

"चुकून नाही. काळा नऊ, लाल सहा, पांढरा शून्य." आता तिला थांबायचं नव्हतं. "तुम्ही मला वरच्या खोलीत ठेवलंत. आवाजाचा त्रास होईल म्हणालात, बाहेरून कडी लावलीत. आवाजाचा त्रास झाला असता, खरं आहे. पण मला कुणी विचारलं नाही. मी तुझ्या लग्नासाठी निळा पोशाख शिवून घेतला होता. तो घालून मी दिवसभर खाटेवर बसले आणि खाली सगळे हसत होते ते ऐकलं. मला राग आला होता, दादा. फार राग आला होता. तुझ्या लग्नात मी नव्हते याचं वाईट मला अजून वाटतं."

"पण तेव्हा तू काहीच बोलली नाहीस गं," दादा म्हणाला. "मला वाटलं, तुला काही..."

"वाटलं होतं. त्याच संध्याकाळी लिहून ठेवलंय. आणि त्याच्या शेजारचं बघ, तीनशे पंच्याण्णव. ते पिवळं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन वर आली. नवी नवरी, पण जमिनीवर माझ्या शेजारी बसली आणि एक शब्द बोलली नाही."

वहिनी तोंडाला पदर लावून रडत होती. दादा दोन कार्डांसमोर उभा राहिला, एकदा तांबडं बघ, एकदा पिवळं बघ. मग तो वळला आणि सगळ्यांसमोर, चांगला मोठ्यानं म्हणाला, "मी एक भाषण लिहून आणलं होतं. माझ्या बहिणीला भावना नाहीत असं त्यात लिहिलंय. तिनं मला सांगितलं होतं ते खोटं आहे म्हणून, मी ऐकलं नाही. चुकलं माझं. हिच्याइतकं कुणाला काही वाटलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही." त्यानं कागद फाडला. चार तुकडे केले आणि मग ते कुठं टाकायचे ते कळेना म्हणून मुठीत धरून उभा राहिला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रंगाऱ्यांचे ते राठ हात, शंभरावर माणसं, आणि वर दगडी छत. आवाज नुसता घुमला. थेंबाताईनं डोळे मिटून घेतले, खांदे आक्रसले. अशा वेळी आजवर ती आतल्या खोलीत पळत आली होती. दादाचं तोंड तिच्या वतीनं बोलायला सवयीनं उघडलं, पण त्याच्या आधी तिचं उघडलं.

"टाळ्या नकोत!" ती ओरडली. "माझे कान दुखतात."

शंभर माणसांचे हात हवेत जागच्या जागी थांबले. पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकं शांत झालं. ती म्हणाली आणि तसं झालं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिनं टेबलावरचे हात सरळ केले, ताठ उभी राहिली आणि रांगेला म्हणाली, "हं, पुढचं कोण? नंबर बोला."