पाचशेच्या जागी पाच हजार

शेअरबाजार शिकवणारे सर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोटून घ्यायचे. मिळेल किती ते मागाहून. आधी गेलं तर किती चालेल ते ठरवा. एका सौद्यात भांडवलाचा शंभरावा हिस्सा, बस्स. भाव किती पडला की बाहेर पडायचं तो आकडा आधीच टाकून ठेवायचा, त्याचं नाव स्टॉप. आणि त्यावरूनच शेअर किती घ्यायचे ते काढायचं.

त्या सकाळी सरांचे दोन सौदे नियमाप्रमाणे छोट्या तोट्यात गेले आणि त्यांचं डोकं फिरलं. आदल्या दिवशी वर्गात उदाहरण म्हणून घेतलेला शेअर त्यांनी उचलला. हिशेबाने पाचशे बसत होते; ब्रोकरच्या उसन्या पैशावर त्यांनी पाच हजार घेतले. भाव स्टॉपला टेकायला आला तेव्हा त्यांनी स्टॉपच काढून टाकला. दुपारी आपले उसने पैसे बुडू नयेत म्हणून ब्रोकरने परस्पर शेअर विकले, तोवर सरांच्या पाच लाखांतले एक लाख नव्वद हजार गेले होते.

पाच वाजता वर्ग. शिवणकाम करणाऱ्या टेलरताई सगळ्यांच्या आधी आल्या, वही उघडूनच.

"सर, कालच्या उदाहरणातला शेअर घेतला मी. साठच. सहाशे गेले, पण मुकाट बाहेर पडले. तुमच्यामुळे हो, नाहीतर बसले असते धरून!"

मागून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्हीही घेतला असेल ना? किती?"

"पाचशे," सर म्हणाले. "स्टॉप लागला, सुटलो."

त्यांची बायको दारापाशी फीच्या पावत्या लावत बसली होती. ब्रोकरचा मेसेज तिनेच आधी वाचला होता. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले. सरांची कानशिलं तापली. पुढचा तासभर ते फळ्याकडे तोंड करूनच बोलले.

वर्ग सुटल्यावर टेलरताई मागे राहिल्या.

"सर, भावाचे दोन लाख पडून आहेत. तुम्हीच बघाल का? तुमचा हात पक्का आहे."

'सध्या वेळ नाही' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ते शब्द ओठांवर आलेही होते. मग त्यांनी लॅपटॉपवर सकाळचा सौदा उघडला आणि तो फिरवून टेलरताईंपुढे सरकवला.

टेलरताईंनी चष्मा लावून आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"पाच हजार?"

"हो."

"आणि स्टॉप?"

"काढला."

"पैसे गेले ते तुमचे गेले, सर," त्या हळूच म्हणाल्या. "पण मघाशी पाचशे का म्हणालात? मी तर घरी जाऊन तेच सांगणार होते सगळ्यांना."

त्या वही पिशवीत घालून जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिघांनी फी परत मागितली. बायकोने ती तिथेच मोजून दिली. टेलरताई आल्या होत्या, पण त्या दिवशीच्या गणिताचं फळ्यावरचं उत्तर त्यांनी उतरवून घेतलं नाही. स्वतः गणित मांडून ताडून पाहिलं. सरांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

संध्याकाळी त्यांनी ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावला. उसन्या पैशाची सोय कायमची बंद करा म्हणाले.

"कारण काय लिहू?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"कारण लागतंच का?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, सर."

बायको शेजारी उभी होती.

"लिहा," सर म्हणाले, "स्वतःला आवरता येत नाही म्हणून."

पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. मुलीने ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.