मांजरीच्या उसावर बोली

"माझे चित्र ओळखीच्या माणसाने घ्यायचे नाही," ही माझ्या धाकट्या भावाची, महिपतीची, लिलावाला चित्र देण्यापूर्वीची एकमेव अट होती. नैराश्याच्या दीर्घ आजारातून उठल्यावर त्याने काढलेले ते पहिलेच चित्र: मांजरी गावचा ऊस आणि त्यातून वर आलेली अर्धवट इमारत. शहरातील चित्रकारांनी मानसिक आरोग्याच्या एका मदतकेंद्रासाठी मांडलेल्या त्या लिलावात ते एखाद्या परक्याने, केवळ आवडले म्हणून, घ्यावे एवढीच त्याची इच्छा होती. "दया घरात पुरेशी मिळते," तो म्हणाला.

मी शब्द दिला. परंतु दिलेल्या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार मी सहसा स्वतःकडे राखून ठेवतो. चित्र घेण्यास मनाई आहे, बोली लावण्यास नाही, हे मी स्वतःला इतक्या मुद्देसूदपणे पटवले की समोर प्रतिपक्ष नसल्याची खंत वाटली.

चित्र पुकारले गेले आणि कोणीच बोलेना. मागच्या रांगेत महिपतीची मान खाली गेली. मी बोली लावली. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणीने ती तत्काळ ओलांडली. माझे कार्य तेथे संपले होते. कोणताही सुबुद्ध मनुष्य स्वस्थ बसता. पण तिच्या स्वरात 'आता बोला' असा काही भाव होता, आणि समोरच्याचे वाक्य शेवटचे राहू देणे मला शाळेपासून जमलेले नाही. मी वाढवली. तिने वाढवली.

"काका, तुमच्याकडे एवढ्या भिंती आहेत का?"

"भिंतींची संख्या हा चित्राच्या मूल्याचा निकष नव्हे," मी म्हणालो, आणि वाक्याला वजन यावे म्हणून आणखी वाढवली.

लोक हसले. तिने खांदे उडवले. हातोडा पडला. विजयी मुद्रेने मी मागे वळलो, तो महिपती उठलेला.

"जिंकलास, दादा," एवढेच बोलून तो दाराकडे निघाला.

मी तरुणीकडे धावलो. ओळखपत्रावर 'नम्रता' असे नाव होते. "हे चित्र आपण घ्यावे. आपल्याच शेवटच्या बोलीला. वरची रक्कम मी केंद्राला देईन."

"का? इगो झाला, आता चित्र नको?"

"तसे नव्हे. प्रस्तुत प्रसंगी दोन मुद्दे..."

"मुद्दे राहू द्या, सर. मी तिकडेच फ्लॅट बुक केलाय. बिल्डिंग अशीच अर्धी आहे, बघून वैताग येतो. इथे पहिल्यांदा बरी वाटली. फक्त उसातला हा लाल ठिपका काय आहे?"

मला ठाऊक नव्हते. परंतु तेवढ्या कारणासाठी मी उत्तर देण्याचे कधी टाळलेले नाही. "तो ठिपका म्हणजे मानवी एकाकीपणाचे..."

"टोपडं आहे," दारातून आवाज आला. महिपती थांबला होता. "ऊस तोडणाऱ्या बाईनं वाळत टाकलेलं. दादा, तू जरा गप्प बस."

तो परत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"टोपडं इतकं गडद?" तिने विचारले.

"ओलं आहे."

"एवढ्या उन्हात?"

"आत्ताच टाकलंय. सावली बघा ना!" त्याचा आवाज चढला. परक्या माणसाशी त्याला इतके बोलताना मी आजारानंतर ऐकले नव्हते.

तीही हटेना. माझ्यापाशी निर्णायक मुद्दा तयार होता. तो गिळताना मला अतोनात कष्ट झाले.